दगडाचे पीठ करणारी गिरणी

महाराष्ट्राचा बहुतांश भाग ज्या काळ्या दगडावर उभा आहे तो बेसाल्ट मुळात लाव्हाच आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी तो वितळलेल्या अवस्थेत बाहेर आला, थरावर थर साचत गेला आणि थिजला. जो दगड एकदा वितळला आहे तो पुन्हाही वितळेल, हे भट्टी लावणाऱ्या माणसाच्या मनात आल्याशिवाय राहत नाही. आणि पॉटरीच्या भट्टीत बाराशे-साडेबाराशे अंशांच्या आसपास तो खरोखरच वितळतो. त्याच्यात सुमारे निम्मी सिलिका असते, जिच्यापासून काच होते. अ‍ॅल्युमिना असते, जी वितळलेली काच भांड्यावरून ओघळू देत नाही. चुना आणि मॅग्नेशिया असतात, जे सिलिकेला लवकर वितळायला भाग पाडतात. आणि लोह भरपूर असते, ज्यातून मधाळ तपकिरीपासून काळ्याभोरापर्यंतचे रंग मिळतात. म्हणजे ग्लेझसाठी, भांड्यावरच्या काचेसारख्या लेपासाठी, जे चार-पाच घटक आपण वेगवेगळ्या पिशव्यांतून विकत आणतो ते खडी क्रशरच्या मागे पडलेल्या भुकटीच्या ढिगात आधीच एकत्र आलेले आहेत. अडचण एकच: ही भुकटी भरड असते.

भरडपणाची ही अडचण वरवरची नाही. एक मिलिमीटरचा कण पन्नास मायक्रॉनपर्यंत दळला, तर तेवढ्याच दगडाचे एकूण पृष्ठफळ वीसपट होते, आणि भट्टीतील वितळण्याची क्रिया पृष्ठभागावरूनच सुरू होते. भरड भुकटीचे ग्लेझ लावले तर बारीक कण वितळून वाहू लागतात, मोठे कण तसेच राहतात, आणि भट्टीतून बाहेर येते ते हाताला पॉलिश पेपर लागावा असे भांडे. खलबत्त्यात कुटून आणि चाळून नमुन्यापुरती मूठभर पूड मिळते. बादलीभर ग्लेझ त्यातून होत नाही. म्हणून बॉल मिल हवी. आपल्याकडच्या सिरॅमिक कारखान्यांत तिच्या लहान रूपाला पॉट मिल म्हणतात: आडवे ठेवलेले एक बंद भांडे, त्यात निम्म्यापर्यंत कठीण गोळे, गोळ्यांच्या फटींत दळायचा माल आणि पाणी, आणि हे सगळे तासन् तास गोल फिरवत राहणारे दोन रूळ.

यंत्र इतके साधे असल्यामुळे ते घरी बनवायचा मोह होतो, आणि तो रास्तही आहे. माझे म्हणणे एवढेच, की ही गिरणी आतून बाहेर रचत जावी लागते. बहुतेक जण उलट्या टोकाने निघतात. घरात किंवा जुन्या बाजारात एखादी मोटर पडलेली असते, तिच्याभोवती सांगाडा उभा राहतो, मग मिळेल तो डबा त्यावर चढतो आणि शेवटी त्यात गोळे काय टाकायचे याचा विचार सुरू होतो. वास्तविक आधी ठरवायचे ते हे, की आपण काय दळणार आहोत आणि त्या दळणात दुसरे काय मिसळलेले आपल्याला चालेल. त्यावरून गोळे ठरतात, गोळ्यांवरून भांडे, भांड्याच्या व्यासावरून वेग, वेगावरून रूळ आणि पुली. मोटर सर्वांत शेवटी येते, आणि तोवर तिच्याविषयी निवड करण्यासारखे फारसे उरलेलेही नसते.

दळणाऱ्याचा अंश दळणात उतरतोच. इंग्लंडमधील स्टॅफर्डशायरच्या कुंभारांना अठराव्या शतकातच याचा धडा मिळाला होता. पांढऱ्या भांड्यांसाठी ते फ्लिंट हा गारेचा दगड भाजून दळत असत, आणि कोरडे दळताना उडणाऱ्या धुळीने कामगार फुप्फुसाच्या विकाराने मरत. थॉमस बेन्सन याने १७२६ साली पाण्याखाली फ्लिंट दळण्याच्या पद्धतीचे पेटंट घेतले. धूळ आटोक्यात आली, पण दळणाऱ्या लोखंडाची झीज पांढऱ्या पुडीत उतरू लागली. १७३२ च्या त्याच्या दुसऱ्या पेटंटात लोखंडाची जागा दगडाने घेतली. गोळे आणि पाणी या दोन्ही प्रश्नांचा निकाल असा तीनशे वर्षांपूर्वीच लागलेला आहे, आणि तरीही आजचा नवखा माणूस पोलादी छर्रे घेऊन कोरडे दळायला बसतो.

पोलादी गोळ्यांची ओढ मला समजते. पोलादाची घनता पाण्याच्या पावणेआठपट असते आणि जड गोळा जोरात आदळतो. शिवाय जुन्या बेअरिंगमधले गोळे भंगारात सहज मिळतात. बेसाल्टमध्ये लोह आधीच इतके आहे की थोडे वाढल्याने काय बिघडते, असेही कोणी म्हणेल. पण पाण्यात ते गंजतात, आणि ज्या भांड्यात ते एकदा फिरले त्यात पुढे पांढरे ग्लेझ दळण्याची आशा सोडावी लागते. काचेच्या गोट्या स्वस्त आणि दिसायला सुंदर असतात, मात्र आपटून त्यांच्या कडा उडतात आणि त्या कपच्या दळणात राहतात. नदीतले काळे गोटे घ्यावेत असे पुष्कळांना वाटते. त्यांत अनेकदा लाव्हातील वायूच्या बुडबुड्यांनी झालेल्या पोकळ्या असतात, त्या मऊ खनिजांनी भरलेल्या असतात, आणि असा गोटा पहिल्याच दळणात खड्ड्याखड्ड्यांचा होतो.

याच बेसाल्टच्या पोकळ्यांत अकीकही तयार होतो. तो गारगोटीच्याच कुळातला, अतिसूक्ष्म स्फटिकांचा, चिवट आणि कठीण. फ्लिंट हा त्याचा जवळचा नातेवाईक. प्रयोगशाळेत बारीक पूड करण्यासाठी अकीकाचा खल वापरतात तो यासाठीच. गुळगुळीत झालेले अकीकाचे गोटे मिळाले तर ते गिरणीत उत्तम चालतात, आणि त्यांची झीज म्हणजे शुद्ध सिलिका असल्याने ग्लेझला तिचे वावडे नसते. मात्र मनासारख्या आकाराचे पुरेसे गोटे जमवणे हा छंद होऊन बसतो, आणि विकत घ्यायचे म्हटले तर गुजरातमधील खंभातच्या ज्या कारागिरांनी ते घासलेले असतात त्यांच्यात सिलिकोसिसचे, म्हणजे सिलिकेच्या धुळीने होणाऱ्या फुप्फुसाच्या विकाराचे, प्रमाण किती आहे हे ठाऊक असल्यामुळे माझा हात आखडतो.

राहता राहिले पोर्सिलेनचे आणि अ‍ॅल्युमिनाचे गोळे. पोर्सिलेनचा गोळा पाण्याच्या सुमारे अडीचपट जड, अ‍ॅल्युमिनाचा साडेतीनपटीहून थोडा अधिक. अ‍ॅल्युमिना महाग पडते, पण तिचे गोळे कमी झिजतात, त्यांची झीज पांढरी असते आणि अ‍ॅल्युमिना तर ग्लेझचाच घटक आहे. झिर्कोनियाचे गोळे याहून जड आणि याहून चिवट; घरच्या कामाला तो खर्च परवडण्यासारखा नाही. मी अ‍ॅल्युमिनाचे घेतले, आणि एकाच मापाचे न घेता साधारण १२, २० आणि २५ मिलिमीटरचे मिसळून घेतले. मोठे गोळे कण फोडतात, लहान गोळे ते घोटतात. नुसते मोठे घेतले तर फटी मोठ्या राहून दळण लांबते, आणि नुसते लहान घेतले तर मिलिमीटरभराचा कणही त्यांना दाद देत नाही.

भांड्याच्या बाबतीत पर्याय पुष्कळ असले तरी निर्णय लवकर होतो. पोर्सिलेनचे तयार जार सर्वांत चांगले, मात्र जड आणि पडले की संपले. पीव्हीसीचा जाड पाइप आणि त्याची झाकणे यांपासून अनेकांनी चांगली भांडी केली आहेत. पीव्हीसीची झीज दळणात आली तरी भट्टीत जळून जाते, फक्त आतला पृष्ठभाग इतका गुळगुळीत असतो की गोळे वर चढण्याऐवजी तळाशी घसरत राहतात, म्हणून आत लांबीच्या दिशेने दोन-तीन पट्ट्या बसवाव्या लागतात. जाड भिंतीचा, रुंद तोंडाचा आणि आट्यांच्या झाकणाचा एचडीपीई या चिवट प्लास्टिकचा डबा हा मला मधला मार्ग वाटला. त्याला आतून रबराचे अस्तर लावले की आवाज उतरतो, गोळ्यांना पकड मिळते आणि डब्याचे आयुष्य वाढते. पण रबर रंग धरून ठेवते. कोबाल्ट एकदा फिरला की पुढच्या कित्येक दळणांत निळसर छटा डोकावत राहते, म्हणून गडद आणि पांढऱ्या ग्लेझची भांडी वेगळी ठेवणे हाच उपाय.

झाकणाकडे मात्र फार बारकाईने पाहावे. गिरणीत बिघडणाऱ्या गोष्टींमध्ये झाकणाचा पहिला नंबर लागतो. चालताना आतला माल तापतो, हवा प्रसरण पावते, आणि कणांनी भरलेले पाणी आट्यांतून वाट शोधते. एकदा ते आट्यांत शिरले की आटे घासले जातात आणि गळती कायमची होते. झाकणाच्या आत सपाट, रुंद गॅस्केट आणि बाहेरून आवळणारी लोखंडी पट्टी अशी दुहेरी व्यवस्था असावी, आणि झाकण लावण्यापूर्वी काठ ओल्या फडक्याने पुसण्याचा कंटाळा करू नये.

आता वेग. भांडे फिरू लागले की गोळे भिंतीबरोबर वर चढतात आणि एका उंचीवरून घरंगळत खाली येतात. त्या घरंगळण्यातच दळण होते. वेग वाढवत नेला तर एका क्षणी गोळे भिंतीला चिकटून भांड्याबरोबरच गोल फिरू लागतात आणि दळण थांबते. हा निर्णायक वेग काढायला ४२.३ या आकड्याला भांड्याच्या आतल्या व्यासाच्या, मीटरमधील, वर्गमुळाने भागायचे. माझ्या डब्याचा आतला व्यास २० सेंटिमीटर, ०.२ चे वर्गमूळ ०.४४७, म्हणून निर्णायक वेग मिनिटाला साधारण ९५ फेरे. ओल्या दळणाला याच्या ६५ ते ७० टक्के वेग मानवतो, म्हणजे बासष्ट ते सहासष्ट फेरे. अधिक वेगाने अधिक बारीक दळले जाईल हा समज सर्वत्र आहे, आणि मोटर निवडताना तोच नडतो.

डबा फिरतो रुळांवर, म्हणून त्याचा बाहेरचा व्यास हिशेबात येतो: अस्तरासह भिंत धरून २३ सेंटिमीटर. रूळ म्हणून २५ मिलिमीटरची ब्राइट बार, म्हणजे गुळगुळीत पोलादी कांब, घेऊन तिच्यावर पाच मिलिमीटर जाडीचे रबर चढवले की व्यास ३५ मिलिमीटर होतो. रुळावर होज पाइप चढवून काम भागते असे सांगितले जाते, आणि थोड्या दिवसांपुरते ते खरे आहे; पुढे पाइप सैल होऊन आत बार फिरते आणि बाहेर पाइप जागच्या जागी राहतो. छापखान्यांच्या रुळांवर रबर चढवून देणारे कारागीर शहरात अजून आहेत, त्यांच्याकडून हे काम करून घ्यावे. बारची दोन्ही टोके लेथवर २० मिलिमीटरपर्यंत उतरवली की ती यूसीपी २०४ या पेडेस्टल बेअरिंगमध्ये बसतात. या बेअरिंगचा आतला भाग आपल्या घरात थोडा डुलू शकतो, त्यामुळे सांगाड्याच्या वेल्डिंगमधला लहानसा तिरकेपणा ते पोटात घेते. घरी केलेल्या सांगाड्यात तिरकेपणा असतोच.

दोन रुळांमधले अंतर हा या कामातला नाजूक भाग आहे. रूळ फार जवळ आले तर डबा डुगडुगून बाहेर उडी मारतो. फार दूर गेले तर दोन्हींच्या मध्ये पाचरीसारखा रुततो आणि बेअरिंगवर ताण येतो. डब्याच्या केंद्रापासून दोन्ही रुळांकडे काढलेल्या रेषांत साठ अंशांचा कोन पडावा, असे मी ठरवले. माझ्या मापांत त्यासाठी रुळांच्या केंद्रांमध्ये सव्वातेरा सेंटिमीटर अंतर येते. लेथवाल्या काकांनी कागदावरचा आकडा पाहिला, मग सांगाड्याच्या अँगलवर भोकांऐवजी लांबट खाचा पाडायला सांगितल्या. “ताई, आकडा बरोबरच असेल, पण सरकवायला जागा ठेवा,” एवढेच ते म्हणाले. संपूर्ण गिरणीत मला मिळालेला सर्वांत मोलाचा सल्ला हाच. रूळ केसभर जरी समांतर नसले तरी डबा चालता चालता एका बाजूला सरकत जातो. खाचांमुळे ते सुधारता येते, आणि उरलेसुरले सरकणे अडवायला दोन्ही टोकांना डब्याच्या बुडाला टेकणारे नायलॉनचे छोटे चाक लावले की पुरते.

आता मोटर. डबा मिनिटाला त्रेसष्टच्या आसपास फिरायचा तर रूळ सव्वाचारशेपेक्षा थोडा कमी फिरला पाहिजे. चार पोलची सिंगल फेज इंडक्शन मोटर १४४० फेरे देते. तिच्यावर दोन इंची आणि रुळावर सात इंची पुली लावली की रुळाला ४११ आणि डब्याला साडेबासष्ट फेरे मिळतात. ताकद पाव हॉर्सपॉवर, म्हणजे सुमारे १८५ वॉट, या आकाराला पुरते. मिक्सरची मोटर कोणी सुचवली तर ऐकू नये. ती प्रचंड वेगाची आणि थोड्या मिनिटांच्या कामाची असते, इथे सलग सहा-आठ तास चालायचे असते. घरघंटीतून निघालेली इंडक्शन मोटर मात्र चालते, जरा जास्तच ताकदीची असली तरी. फक्त तिच्या पाटीवर १४४० आहेत की २८८० हे आधी वाचावे, नाहीतर पुलीचा सगळा हिशेब दुप्पट चुकतो. मोटर डब्याच्या खाली न बसवता बाजूला बसवावी, कारण गळती झाली की पाणी खालीच येते. पट्ट्यावर जाळीचे कव्हर, व्यवस्थित अर्थिंग आणि विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी या तिन्ही गोष्टी यंत्र पहिल्यांदा चालू करण्याआधी लागल्या पाहिजेत. ओढणी आणि मोकळे केस यांना व्ही-बेल्ट ओळख देत नाही.

एक खुलासा इथेच केलेला बरा. अशा गिरण्यांचे जे आराखडे इंटरनेटवर फिरतात, त्यांतले कितीतरी फटाक्यांच्या दारूसाठी केलेले असतात. त्या कामाला ही गिरणी नाही. विनापरवाना स्फोटके बनवणे १८८४ च्या स्फोटक कायद्यानुसार गुन्हा आहे, आणि कायदा नसता तरी घरात करण्याजोगे ते काम नव्हे.

भरण्याचे प्रमाण सोपे आहे. माझा डबा आतून सुमारे सात लिटरचा. त्याचा निम्मा भाग गोळ्यांनी भरतो, म्हणजे अ‍ॅल्युमिनाचे साडेसात किलो गोळे. त्यांच्या फटी भरून वर बोटभर येईल इतपत माल: साधारण दीड किलो बेसाल्ट आणि सव्वा लिटर पाणी. बेसाल्टची भुकटी आधी चाळून घ्यायची, मिलिमीटरपेक्षा मोठा कण आत जाऊ द्यायचा नाही. पाणी कमी पडले तर मालाचा लगदा होऊन गोळे त्यात रुततात, जास्त झाले तर कण गोळ्यांच्या तावडीतून निसटतात. पुरेसे दळले गेले की नाही ते २०० मेशच्या, म्हणजे ७५ मायक्रॉनच्या चाळणीवर कळते. चाळणी हाताशी नसेल तर चिमूटभर रबडी, म्हणजे पाण्यातला दळलेला माल, अंगठा आणि तर्जनी यांच्यात घासून पाहावी. वस्त्रगाळ झालेल्या पुडीत बोटाला कणी लागत नाही.

त्याआधी कान सांगतो. वेग आणि भरण दोन्ही जमले असतील तर पोत्यातून धान्य ओतत राहावे तसा सलग, दाट आवाज येतो. सुरुवातीला त्यात कोरडी खणखण मिसळलेली असते; दोन-तीन तासांत कण बारीक होत जातात, रबडी दाटते आणि खणखण विरत जाते. आवाज घसरल्यासारखा, एकसुरी असेल तर गोळे वर न चढता तळाशी घसरताहेत. आवाज अगदीच बंद झाला तर वेग फार झाला आहे किंवा लगदा झाला आहे, आणि दोन्ही वेळी गिरणी थांबवून झाकण उघडण्याखेरीज इलाज नाही. ते उघडताना तोंड दूर ठेवून आटे सावकाश सैल करावेत, कारण आत दाब असू शकतो. लाकडाची राख मिसळली असेल तर हातमोजेही हवेत; राखेचे पाणी क्षारयुक्त असते आणि कातडी सोलून काढते.

हे सगळे वाचून कोणी गिरणी करायला निघण्यापूर्वी सांगते, की पॉटरी करणाऱ्या बहुतेकांना तिची गरज नाही. फेल्डस्पार, क्वार्ट्झ, व्हायटिंग, चायना क्ले ही सगळी २०० मेशची पूड गोणीत विकत मिळते, आणि ती घरी दळण्यात अर्थ नाही. अधूनमधून किलोभर दळायचे असेल तर ग्रॅनाइटच्या दगडांचा टेबलावरचा वेट ग्राइंडर त्या कामापुरता वेगळा ठेवला तरी भागते, फक्त तो पुन्हा इडलीच्या पिठाकडे वळता कामा नये. गिरणी लागते ती ज्याला आपल्या आसपासचा दगड आणि आपल्या आसपासची राख वापरायची आहे त्याला. क्रशरची भुकटी, साखर कारखान्यातील चिपाडाची राख, भाताच्या तुसाची राख हे सगळे आपल्याकडे विपुल आहे. तुसाच्या राखेत तर नव्वद टक्क्यांच्या आसपास सिलिका असते आणि तिचे दुधाळ पांढरे ग्लेझ होते, पण न दळता ती भांड्यावर नीट बसतही नाही.

त्या पांढऱ्या ग्लेझसाठी मला दुसरा डबा लागला, आणि तो लहान, आतून १५ सेंटिमीटरचा घेतला. रूळ तेच ठेवले तर लहान डबा जास्त वेगाने फिरतो हे उघड आहे. त्याचा निर्णायक वेगही वाढून १०९ होतो, पण तेवढ्या प्रमाणात नाही. बाहेरचा व्यास १६ सेंटिमीटर धरला तर सात इंची पुलीवर तो मिनिटाला नव्वद फेरे घेतो, म्हणजे निर्णायक वेगाच्या ८२ टक्के, आणि ओल्या दळणाला ते जास्त होतात. म्हणून रुळाच्या टोकाला सात इंचीशेजारी आठ इंची पुली बसवून घेतली. पट्टा तिच्यावर टाकला की लहान डब्याचे फेरे एकोणऐंशीच्या आत येतात, ७२ टक्क्यांवर. पट्टा बदलताना मोटर पाऊण-एक इंच सरकवावी लागते, आणि काकांनी तिच्या पाटाखालीही खाचा आधीच पाडून ठेवल्या होत्या.